साळवे गुरुजींचा ऐकण्याचा तास

साळवे गुरुजी गेल्याचं मला केंद्रसंमेलनात कळलं. दर महिन्याला आम्ही आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र जमतो, तसे जमलो होतो. पोहे झाले होते, चहा चालला होता आणि माझ्या मागच्या बाकावर दोघे जण बदल्यांच्या गप्पा मारत होते. त्यात एक जण सहज म्हणाला, "जामखेडकडचे साळवे गेले ना हो... तेच, टेपवाले." मी कप हातात तसाच धरून मागे वळले. "कोण? नवनाथ साळवे?" "हां, तेच. पंधरा दिवस झाले. कावीळ पोटात गेली म्हणे. तुमच्या ओळखीचे होते का बाई?" मी म्हणाले, "एका शाळेत होतो." तो "अरेरे" म्हणाला आणि पुन्हा बदल्यांकडे वळला. मला नुसतं दुःख झालं असतं तर मी इथे चार बरे शब्द लिहून मोकळी झाले असते. खरं सांगते, पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं. चला, आता ते कुणालाच कळणार नाही, असं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की चहा तसाच ठेवून मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

मी मुळात भित्री बाई. पाल दिसली तर वर्ग सोडून पळणारी, साहेब तपासणीला येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून जेवण न जाणारी. लहानपणी मला घरात "ससा" म्हणायचे, आणि ते कौतुकानं नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहायचंय ते सगळं या भित्रेपणाचंच आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं तिथेच आहेत, आणि मी आजही त्यांना भिते. जामखेडहून एसटीनं अर्ध्या तासावरचं गाव, एवढं पुरे. कोरडं, खडकाळ, दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जाऊन रिकामं होणारं. शाळा गावाबाहेर, ओढ्याच्या काठाला. हेडमास्तर, साळवे गुरुजी आणि मी, असे तिघे. गुरुजींकडे तिसरी-चौथी, माझ्याकडे पहिली-दुसरी. माझी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती आणि नगरला सासूबाईंकडे असायची. शनिवारी दुपारची एसटी पकडून मी तिच्याकडे जायची आणि सोमवारी पहाटे तिला झोपेत सोडून निघायची. त्यामुळे नगरकडे बदली, एवढा एकच जप मी तीन वर्षं करत होते.

गुरुजी जामखेडहून रोज सायकलवर यायचे. गावात खोली मिळाली नाही म्हणून. का मिळाली नाही ते कुणी बोलायचं नाही आणि सगळ्यांना माहीत असायचं. मला मात्र सरपंचांच्या भावाच्या घरात पुढची खोली अगदी आग्रहानं मिळाली होती. गुरुजींच्या सायकलच्या मागे गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेला एक टेपरेकॉर्डर बांधलेला असायचा. रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, नगरच्या बाजारातून जुना घेतलेला, आणि त्याच्या झाकणाला रबर लावलेलं. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस शाळेत गाणी लावणार. पण ते लावायचे ती रूपकं. रेडिओवर ज्याला रूपक म्हणतात ते. नाटक नाही, भाषणही नाही. खऱ्या माणसांचं बोलणं, त्यांच्या कामाचे, जागेचे आवाज, मध्ये थोडं निवेदन, असं जोडून केलेला कार्यक्रम. मिठागरातले मजूर, दीपगृहातला कामगार, रेल्वेच्या रुळांवर रोज मैलोन्‌मैल चालणारा गँगमन... गुरुजी घरी बसून ती रेडिओवरून टेप करायचे आणि आठवड्यातून दोनदा दुपारी पोरांना ऐकवायचे. समुद्र कधी न पाहिलेल्या पोरांनी समुद्र आधी ऐकला, तो असा.

त्यांची पद्धत ठरलेली होती. पाट्या पालथ्या, डोळे मिटलेले. टेप दोनदा लावायची. पहिल्यांदा माणसं काय बोलतात ते ऐकायचं. दुसऱ्यांदा बोलण्याकडे लक्षच द्यायचं नाही, त्याच्या मागे काय आहे ते ऐकायचं. मग फळ्यावर मधोमध रेघ मारून दोन रकाने व्हायचे. एकीकडे "बोलणं", दुसरीकडे "मागचं". मिठागरवाला म्हणतो, आमचं बरं चाललंय. मागचं काय? तर तो सारखा खोकतोय. दीपगृहातला म्हणतो, एकट्याची सवय झाली. मागचं काय? त्यानं बोलता बोलता तीनदा कुत्र्याला हाक मारली. चौथीतली पोरं हे सांगायची! मी माझ्या वर्गातून कान देऊन ऐकत राहायची आणि माझ्या पोरांचे पाढे चुकायचे. सगळं झालं की कॅसेट उलटी करून गुरुजी तिच्या दुसऱ्या बाजूवर पोरांची ती चर्चाच टेप करायचे. दुसऱ्या दिवशी पोरं स्वतःला ऐकायची, आणि आपण कुठे उगाच बोललो ते त्यांना आपोआप कळायचं. या रेकॉर्डिंगच्या वेळी मी दारात जाऊन उभी राहिले की गुरुजी हळूच म्हणायचे, "बाई, बांगड्या." माझ्या हातात डझन-डझन काचेच्या बांगड्या, सासूबाईंचा हट्ट. मी लगेच दोन्ही हात पदरात गुंडाळून घट्ट धरायची. पोरं खुदकन हसायची. पोरांना मी येतेय हे बांगड्यांवरूनच कळायचं म्हणे, आणि तेवढ्यात ती सावरून बसायची.

हळूहळू त्यांनी पोरांकडूनच रूपकं करून घ्यायला सुरुवात केली. घोंगडी विणणाऱ्या आजोबांचं, विहीर खोदणाऱ्यांचं. हेडमास्तर म्हणायचे, "साळवे, अभ्यासक्रम कधी संपवनार?" गुरुजी म्हणायचे, "हाच भूगोल हाय सर, नुसता पुस्तकाबाहेरचा." माझ्याशी ते शुद्ध बोलायचे आणि हेडमास्तरांशी मुद्दाम गावाकडचं. हेडमास्तरांना त्याचा राग यायचा, आणि मला हसू.

त्या वर्षी पाऊस झाला. शाळेच्या वरच्या अंगाला ओढ्यावर पाझर तलाव होता. मधल्या एका दुष्काळात रोजगार हमीवर बांधलेला, आणि मग वर्षानुवर्षं कोरडा पडलेला. त्या वर्षी तो भरला. गावात नुसता जल्लोष. जीपगाड्या आल्या, पाण्याची पूजा झाली, आमच्या पोरांनी स्वागतगीत म्हटलं. खालच्या विहिरींना पाणी चढलं. बायका विहिरीत वाकून वाकून बघायच्या आणि डोळे पुसायच्या. गुरुजींनी लगेच पुढचं रूपक ठरवलं, "आपल्या गावचा तलाव". बांधाच्या पायथ्याशी, शाळेच्या बाजूला, बाभळीखाली तात्या नावाचे एक म्हातारे छप्पर घालून एकटे राहायचे. त्या बांधावर त्यांनी स्वतः माती वाहिली होती. चौथीची पोरं शनिवारी सकाळी तिथे गेली, टेप जमिनीवर ठेवला आणि तात्यांना बोलतं केलं. तात्या रंगून गेले. "लई माती वाहिली पोरांनो. माझी म्हातारी बी हुती संगं..." असं बरंच काही.

सोमवारी ऐकण्याचा तास झाला. माझी पोरं सुटली होती, म्हणून मी हात पदरात धरून दारात उभी होते. दुसऱ्यांदा टेप लागली आणि मंदा नावाची एक गप्प गप्प मुलगी डोळे मिटूनच म्हणाली, "गुरुजी, मागं पानी वाहतंय." गुरुजी म्हणाले, "वाहतंय कुठं? तळ्यातलं पाणी उभं असतं." "न्हाई गुरुजी. खाली वाहतंय. टेपच्या खाली." गुरुजींनी कॅसेट मागे फिरवली. पुन्हा लावली. तात्यांच्या बोलण्याच्या खाली, अगदी खोल, गळक्या नळासारखं काहीतरी सतत चाललं होतं. मी ऐकलं. त्या बाभळीखाली ना ओढा होता ना पाट, नुसती कोरडी जमीन होती. टेप जमिनीवर ठेवलेला होता म्हणूनच तेवढं उमटलं.

गुरुजी संध्याकाळी जाऊन बघून आले. बांधाच्या तळाशी दगडांच्या सांदीतून पाणी येत होतं. "नितळ असतं तर मी घाबरलो नसतो बाई," ते म्हणाले. "गढूळ आहे. म्हणजे आतली माती घेऊन येतंय." दुसऱ्या दिवसापासून ते रोज शाळेआधी त्याच जागी टेप ठेवायचे आणि एक मिनिट नोंद करून आणायचे. मंगळवार, बुधवार, गुरुवार... एकामागून एक लावलं की बहिऱ्यालाही कळलं असतं. आवाज वाढत होता. गुरुवारचं ऐकून पोरं एकमेकांना चिकटून बसली. आणि माझ्या पहिली-दुसरीच्या खोलीची मागची खिडकी थेट त्या बांधाकडे उघडायची. मी फळ्याकडे तोंड केलं की पाठ थंड पडायची. एकतीस पोरं होती. मी दिवसातून दहा वेळा मोजायची, उगाच.

गुरुजींनी सरपंचांना सांगितलं. सरपंच हसले. "गुरुजी, पाझर तलाव हाय ह्यो. त्यो पाझरनार न्हाई तर काय करनार? पाझरतोय म्हनून तर हिरीला पानी आलंय." गावालाही हे पटलं. इतक्या वर्षांनी पाणी आलंय आणि हा माणूस अपशकुन करतोय, असं चावडीवर उघड बोललं जाऊ लागलं. त्यापुढचंही बोललं जात होतं. ते मी माझ्या खोलीच्या खिडकीतून ऐकत होते आणि खिडकी लावून घेत होते. गुरुजी एकदा मला म्हणाले, "तुम्ही चुकलात तर लोक म्हणतील, बाई चुकल्या. मी चुकलो तर काय म्हणतील, ते तुम्हाला माहीत आहे." मला माहीत होतं. तरी त्यांनी तालुक्याला अर्ज दिला.

पुढच्या शुक्रवारी दुपारी शाळेत बैठक झाली. तालुक्याहून एक साहेब आले, सरपंच, त्यांचे भाऊ म्हणजे माझे घरमालक, हेडमास्तर, आणखी चार-पाच माणसं. सकाळीच सरपंच मला भेटून गेले होते. फार गोड बोलले. "बाई, तुमच्या बदलीच्या कागदावर शिफारस लिहून ठिवलीय. लेकराची आठवन येत आसंल नव्हं?" बस, एवढंच. तलावाचं नावसुद्धा नाही. बैठकीत गुरुजींनी टेप लावली. पण मोठ्या माणसांना कुठलं गप्प बसता येतं! कुणी तंबाखू मळतोय, कुणी खुर्ची सरकवतोय. साहेब म्हणाले, "ही तर खरखर आहे. टेप जुना दिसतोय." सगळे हसले. गुरुजींचा चेहरा घामेजला. आठवडाभराच्या नोंदी संपल्या तशी त्यांनी सवयीनं कॅसेट उलटी केली, दोन बटणं दाबली आणि माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही रोज ऐकताय. तुम्हाला येतंय ना ऐकू?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मला माझी मुलगी दिसली, सोमवारी पहाटे झोपेत माझा पदर मुठीत धरणारी. मी म्हणाले, "नाही. मला खरखरच ऐकू येते."

गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर पुढची वर्षं मला सोपी गेली असती. त्यांनी नुसतं, ऐकण्याच्या तासाला ते पोरांकडे बघायचे तसं पाहिलं. मग त्यांनी टेप बंद केला. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि चहा घेऊन निघून गेले.

त्यानंतरचे दहा-अकरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. गुरुजींनी दुसऱ्या दिवसापासून आपला वर्ग माळावरच्या देवीच्या देवळापाशी, लिंबाखाली नेला. हेडमास्तरांनी विनापरवाना वर्ग हलवल्याची नोटीस दिली. ती त्यांनी सही करून घेतली आणि पोरं तिथेच बसवली. पण माझं काय? मी माझी पोरं हलवली असती तर मला ऐकू आलं होतं हे सिद्ध झालं असतं. आणि नाही हलवली तर... मी माझ्याच खोट्यात अडकले होते, आणि माझ्यासोबत ती एकतीस पोरं, नाकं पुसत, पाटीवर "अ" गिरवत, त्या खिडकीच्या खाली बसली होती. ती आपण होऊन मला बिलगायची. एकीनं विचारलं, "बाई, तुमास्नी थंडी वाजती का?"

त्याच शनिवारी पहिली सुट्टी व्हायच्या आत गुरुजी माळावरून खाली आले. दारात उभे राहून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, रूपकाच्या सुरुवातीला लहान पोरांच्या कविता पाहिजेत. तुमची पोरं आज शाळा सुटेपर्यंत वर पाठवता का? तुम्हीही या, नाहीतर ती बुजतील." मी म्हणाले, "बरं." किती हलक्या आवाजात म्हणाले असेन! हेडमास्तरांना सांगितलं, गुरुजींना रेकॉर्डिंग करायचंय. पोरं ओळीनं माळावर गेली. सोमवारी गुरुजी परत दारात. "कविता नीट आल्या नाहीत, आज पाढे घेऊ." मग हजेरी, प्रत्येकाचं पूर्ण नाव. मग जनावरांचे आवाज. मग एक दिवस म्हणाले, "आज सगळ्यांचं नुसतं हसणं टेप करायचंय." तात्यांनासुद्धा ते रोज हाताला धरून वर आणायचे. "तात्या, तुमची गोष्ट अर्धी राहिली." तात्या खूश. सरपंच माळाखालून जाताना ओरडायचे, "गुरुजी, रेडिओ टेसन काढलं का काय?" आणि गुरुजी हात हलवायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी माझं लक्ष टेपच्या लाल दिव्याकडे गेलं. तो लागतच नव्हता. सेल केव्हाच संपले होते. समोर पोरं जीव तोडून "सात दाहे सत्तर" ओरडत होती आणि गुरुजी बंद टेपपुढे मान डोलवत होते... मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तेही माझं एक खोटंच. मनात म्हणाले, हा माणूस पोरांसाठी करतोय. माझी तर त्याला किळस येत असेल.

एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर तलाव फुटला. वर ऊन होतं. पाऊस आदल्या दिवशी लांब डोंगरात झाला होता आणि पाणी हळूहळू येऊन मिळालं होतं. आम्ही सगळे माळावर. आधी ती बाभूळ हलली. वारा नव्हता आणि बाभूळ एका बाजूला झुकत गेली, मग दिसेनाशीच झाली. तिच्या जागी बांधाला एक तपकिरी भोक पडलं होतं. मग वरची माती त्यात बसली, आणि मग जो आवाज आला तो मी कुठल्या शब्दांत सांगू? तो कानानं नाही, पायांनी ऐकू आला. तात्यांचं छप्पर गेलं, आत बांधलेल्या त्यांच्या दोन शेळ्या गेल्या. पाणी दगडमातीसह शाळेला भिडलं आणि माझ्या खोलीची मागची भिंत खिडकीसकट आत पडली. एकतीस पाट्यांची रास आम्ही रोज तिथे कोपऱ्यात ठेवून यायचो. ती कुठे गेली ते पुन्हा कळलंच नाही. माझी पोरं रडायला लागली. मी मोजत होते. एकतीस. पुन्हा एकतीस. गुरुजी तात्यांना घट्ट धरून खाली बसले होते, आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. हेडमास्तर पगारपत्रक घेऊन जामखेडला गेले होते म्हणून वाचले.

गावानं काय म्हणावं? देवीनंच पोरं वर बोलावली. देवळाला त्या वर्षी नवा कळस चढला. चौकशी आली, कागद झाले, बैठकीच्या कागदावर "संबंधित शिक्षिकेस आवाज ऐकू आला नाही" असं लिहिलेलं होतं म्हणे. मला कुणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. वर्ष संपायच्या आत दोन बदल्या झाल्या. गुरुजींची नोटिशीमुळे पार तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि माझी नगरला, शिफारशीवर. निरोपाच्या दिवशी त्यांनी पोरांना टेप ऐकवली, माझ्याशी नेहमीसारखं बोलले, "मुलीला आता रोज भेटाल" असं म्हणाले. मी "हो" म्हणाले. मी नगरला आले. मुलगी मला मिळाली. आणि दर पावसाळ्यात मला त्या खिडकीखाली बसलेल्या पोरांची स्वप्नं पडू लागली. ती अजून पडतात.

मागच्या वर्षी नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर गुरुजी अचानक भेटले. खूप वाळले होते. डोळे पिवळट दिसले, पण मला वाटलं उन्हानं. मला पाहून हसले आणि म्हणाले, "काय शिंदे बाई, अजून वाजतात का बांगड्या?" मी म्हणाले, "वाजतात की." मग ठरवलं, आता सांगायचंच. मी म्हणाले, "गुरुजी, त्या बैठकीत..." तेवढ्यात जामखेडची गाडी लागली. लोक धावले. ते पिशवी सावरत म्हणाले, "असू द्या बाई. गाडी चुकेल." आणि चढले. खिडकीतून हात केला. मी मनाशी म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. खोटं कशाला बोलू, त्या संमेलनात मला जे हायसं वाटलं ते याचंच, की आता पुढची वेळ येणार नाही.

तरी मी सांत्वनाला गेले. न जाऊन चाललं असतं, पण गेले. जामखेडला त्यांच्या घरी बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती तेवत होती. गुरुजींच्या पत्नी शकुंतलावहिनींनी मला ओळखलं. कधी भेटलो नव्हतो. मी आत पाऊल टाकलं तेव्हा त्या पाठमोऱ्या होत्या आणि न वळताच म्हणाल्या, "शिंदे बाई का?" बांगड्यांवरून! मग कपाटातून त्यांनी बुटांचा खोका काढला. सगळ्या कॅसेटी त्यात नीट लावलेल्या, प्रत्येकीत एक कार्ड आणि कार्डावर ते दोन रकाने. एक कॅसेट वेगळ्या पाकिटात होती. पाकिटावर माझं नाव. "ह्ये सांगून गेल्यात," वहिनी म्हणाल्या. "बाई आल्या तर द्यायची. धाडायची न्हाई. आल्या तर."

ती मी एसटीत उघडली नाही. माझी हिंमत झाली नाही. आता पुराव्यासकट माझं खोटं हातात आलंय, असं वाटत राहिलं. घरी येऊन, मुलगी शाळेत गेल्यावर, उघडली. कार्डावर त्या शुक्रवारची तारीख आणि त्यांचं गोल अक्षर. डाव्या रकान्यात लिहिलं होतं, "बोलणं : बाई म्हणाल्या, नाही." उजव्या रकान्यात, "मागचं : बांगड्या." आणि खाली, बारीक अक्षरात, "बाई फार घाबरल्यात. उद्यापासून त्यांची पोरं वर न्यायची. रोज काहीतरी निमित्त काढणे."

मी टेप लावली. दुसरी बाजू. खुर्च्यांचा आवाज, कुणाचं तरी हसणं, मग गुरुजींचा प्रश्न. मग थोडी शांतता. त्या शांततेत, मला जे त्या दिवशी अजिबात कळलं नव्हतं ते. हात पदरात गुंडाळायचे राहून गेले होते, आणि माझ्या दोन्ही हातांतल्या बांगड्या थरथरत होत्या, किणकिण किणकिण, थांबतच नव्हत्या. त्यानंतर माझं "नाही". ते एवढंसं, कुठल्या कुठे. ज्याला ऐकता येतं त्याच्यासाठी मी त्या खोलीत खोटं बोललेच नव्हते. त्यांनी त्याच दिवशी घरी जाऊन हे दुसऱ्यांदा ऐकलं होतं.

मी खूप रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, भीतीनं नव्हे.

तेव्हापासून रोज दुपारी शाळेतून आले की एकदा टेप लावते. गुरुजींचा आवाज येतो, "बाई, तुम्हाला येतंय ना ऐकू?" तेवढ्यावर बटण दाबून थांबवते, आणि खोलीत कुणी असो नसो, मोठ्यानं म्हणते, "हो गुरुजी. येतंय." काल मुलीनं स्वयंपाकघरातून विचारलं, "आई, कुणाशी बोलतेस?" मी म्हणाले, "ये इकडे. पाटी पालथी ठेव आणि डोळे मिट." आणि या वेळी मी टेप थांबवली नाही.